वैरण पेरावी लागते

महाराष्ट्रात दुधाच्या दरावरून दर काही वर्षांनी आंदोलन पेटतं. जुलै २०१८मध्ये रस्त्यांवर दूध ओतलं गेलं, लिटरमागे पाच रुपये अनुदान द्या अशी मागणी झाली, आणि तो वाद अजूनही मिटलेला नाही. या चर्चेत दूध किती रुपयांना विकलं जातं हे सगळे बोलतात. ते कशावर तयार होतं याबद्दल फार थोडे बोलतात. दुधाच्या उत्पादनखर्चात साठ ते सत्तर टक्के वाटा जनावराच्या खाण्याचा असतो. वैरण स्वस्त आणि चांगली असेल तर मध्यम दरातही गोठा तगतो. वैरण विकत घ्यावी लागली आणि तिची कसर सरकी पेंडीनं भरून काढावी लागली तर चढ्या दरातही हातात काही उरत नाही. तरीही आपल्या शेतीच्या हिशेबात वैरणीला पिकाचा मान नाही. धान्य माणसाचं, काड जनावराचं, आणि बांधावर-डोंगरावर उगवेल ते गवत फुकटचं, हीच धारणा शेतकऱ्याच्या मनात आहे आणि सरकारी नियोजनातही आहे. देशाच्या लागवडीखालच्या जमिनीपैकी जेमतेम चार टक्के जमीन चारापिकांना मिळते आणि हा आकडा कित्येक दशकं जागचा हललेला नाही. माझं म्हणणं असं, की उरल्यासुरल्यावर जनावर पोसण्याची ही व्यवस्था एके काळी शहाणपणाची होती. तिला आधार देणारी शेती आता राहिलेली नाही, आणि म्हणून वैरण हे स्वतंत्र पीक म्हणून पेरणं, कापणं आणि साठवणं याला पर्याय नाही.

ती जुनी व्यवस्था किती नेमकी होती हे ज्वारीवरून कळतं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला १९३०च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी आजही रब्बीत टिकून आहे, ती भाकरीच्या चवीइतकीच कडब्यामुळे. तिचं ताट उंच, पानाळ आणि गोड. कडब्याचा भाव शेकडा पेंढ्यांवर ठरतो आणि कोरड्या वर्षी तो असा चढतो की शेतकरी ज्वारीआधी कडब्याची राखण करतो. बाजाराला ही किंमत फार बारकाईनं कळते. हैदराबादच्या वैरण बाजाराच्या अभ्यासात दिसलं, की ज्वारीच्या कडब्याच्या पचनीयतेत पाचेक टक्क्यांचा फरक असेल तर भावात सुमारे पंचवीस टक्के फरक पडतो. व्यापारी तो फरक प्रयोगशाळेविना, नुसत्या नजरेनं आणि हातानं ओळखतात. संशोधनाचं लक्ष मात्र दाण्यावर होतं. १९६४मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित ज्वारीचा वाण आला, खरिपात दाणा वाढला, पण ताट बुटकं झालं. पुढे विदर्भ-मराठवाड्यात खरीप ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. सोयाबीनच्या कुटाराला कडब्याची सर नाही, आणि कपाशीच्या पऱ्हाट्या तर चुलीतच जातात. देशात ज्वारीचं क्षेत्र १९७०च्या आसपास पावणेदोन कोटी हेक्टरांच्या घरात होतं. आज ते चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास आहे. शेतकऱ्यानं पीक बदललं ते पैशासाठी, आणि त्यात त्याची चूक नाही. पण प्रत्येक एकर ज्वारीबरोबर गोठ्यातली वर्षभराची गंज गेली, आणि तिच्या जागी काय येणार हा प्रश्न कुणी विचारला नाही.

उत्तर दुष्काळानं दिलं. २०१२-१३मध्ये आणि पुन्हा २०१८-१९मध्ये बीड, तेव्हाचं अहमदनगर, सोलापूर, तेव्हाचं उस्मानाबाद, सातारा, सांगली या पट्ट्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. २०१९च्या उन्हाळ्यात त्यांची संख्या दीड हजारांच्या आसपास गेली आणि त्यांत दहा लाखांच्या घरात जनावरं होती. मोठ्या जनावरामागे रोज ९० रुपये अनुदान होतं, ते मे महिन्यात १०० रुपये झालं. सगळी मोठी जनावरं धरली तर दिवसाला नऊ-दहा कोटींचा हिशेब होतो, आणि छावण्या महिनोन्‌महिने चालल्या. या पैशातून जनावरं वाचली आणि ती वाचवणं गरजेचंच होतं. पण दावणीला पडत काय होतं? बहुतेक ठिकाणी ऊस आणि उसाचे वाढे. वर्ष-दीड वर्ष पाणी पिऊन वाढलेलं, साखरेसाठी लावलेलं पीक जनावरापुढे तोडून टाकायचं, ही वैरणीची सर्वांत महाग तऱ्हा आहे. शिवाय वाढ्यांत प्रथिनं नाममात्र आणि ऑक्झलेट भरपूर; ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून पशुवैद्य वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. छावणीतून परतलेली गाय जिवंत असते, पण पुढचं वेत लांबतं आणि दूध उतरतं. हा तोटा कुठल्याच छावणीच्या हिशेबात येत नाही.

हे केवळ दुष्काळी पट्ट्याचं दुखणं आहे असं वाटत असेल तर दिल्लीकडे पाहावं. लक्ष्मीबाई नगरसारख्या सरकारी वसाहतीत राहणारं मराठी कुटुंब सकाळी बूथवरून दूध आणतं, तेव्हा त्यामागे १९७४मध्ये सुरू झालेली मदर डेअरी असते, तिच्यासारख्या इतर डेअऱ्या असतात, आणि त्या सगळ्यांच्या मागे उत्तरेतल्या राज्यांतले गोठे असतात. तिथली व्यवस्था आपल्यापेक्षा सुखी मानली जाते: हिवाळाभर बरसीमचा कोवळा घास, वर्षभर गव्हाचा भुसा. बरसीम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमधून सिंधमध्ये आला आणि कालव्यांच्या पाण्यावर पंजाब-हरियाणात पसरला. पण २०२२च्या वसंतात उष्णतेच्या लाटेनं गहू करपला, त्याआधीच बऱ्याच शेतकऱ्यांनी मोहरीकडे मोर्चा वळवला होता, आणि भुशाचा भाव असा उसळला की हरियाणातल्या काही जिल्ह्यांनी भुसा बाहेर नेण्यावर बंदी घातली. गव्हाचं शेत कमी झालं की भुसा कमी होणारच. उप-उत्पादन कधीही गाईच्या गरजेप्रमाणे येत नाही, ते मुख्य पिकाच्या नशिबानं येतं. ज्वारीबाबत आपल्याकडे पन्नास वर्षांत जे घडलं ते तिथे एका हंगामात दिसलं.

मग वैरण पेरायची म्हणजे काय पेरायचं? इथे उष्ण प्रदेशातल्या गवताचा स्वभाव समजून घ्यावा लागतो, कारण सगळ्या यशापयशाचं मूळ तिथे आहे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, हत्ती गवत, मारवेल ही सगळी उन्हाची लेकरं. कडक ऊन आणि चढं तापमान यांत ती ज्या गतीनं वाढतात ती गती युरोप-न्यूझीलंडच्या कुरणांतल्या रायगवताला कधीच साधत नाही. पण ही वाढ लवकरच पानाकडून खोडाकडे वळते. उंच ताट उभं राहायचं तर त्यात लिग्निन नावाचा कठीण, लाकडासारखा पदार्थ साठतो आणि तो पचत नाही. गाय स्वतः गवत पचवतच नाही. तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात, आणि त्यांना जगायला नत्र लागतं. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागात १९६०च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून एक मर्यादा पुढे आली: वैरणीत प्रथिनं सातेक टक्क्यांच्या खाली गेली की हे सूक्ष्मजीव उपाशी पडतात, पचन मंदावतं आणि जनावर कमी खाऊ लागतं. कडब्यात प्रथिनं तीन ते पाच टक्के, भाताच्या पेंढ्यात त्याहूनही कमी. म्हणजे गव्हाण भरलेली असूनही गाय उपाशी असू शकते. निसर्गाची ही अट उलटवता येत नाही, पण तिच्याशी जुळवून घेता येतं: गवत वेळेवर कापून आणि त्याच्या जोडीला द्विदल चारा देऊन.

गवताच्या बाजूला आपल्याकडे सगळ्यांत मोठं काम संकरित नेपियरनं केलं आहे. आफ्रिकेतलं नेपियर म्हणजे हत्ती गवत रांगडं, बारमाही. आपली बाजरी मऊ, पानाळ. दोघांचा संकर भारतात १९५०च्या दशकात कोइमतूरला झाला आणि पाठोपाठ दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून पुसा जायंट नेपियर आलं. बिहारमधल्या पुसाला १९३४च्या भूकंपाचा तडाखा बसल्यावर १९३६मध्ये दिल्लीत हलवलेली हीच ती संस्था. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं पुढे यशवंत आणि जयवंत हे वाण दिले. जयवंतची खासियत म्हणजे ऑक्झलेटचं कमी प्रमाण. पाणी आणि शेणखत मिळालं तर या गवताचं वर्षाला हेक्टरी शंभर ते दीडशे टन उत्पादन निघतं. हा आकडा कागदावर मोठा वाटतो, म्हणून तो गोठ्याच्या मापात बसवून पाहू. हेक्टरी शंभर टन धरले तर दहा गुंठ्यांत वर्षाला दहा टन, म्हणजे रोजचे सत्तावीस किलो. चारशे किलो वजनाच्या एका दुभत्या गाईची हिरव्या चाऱ्याची गरज साधारण तेवढीच. गाईमागे दहा गुंठे हे गणित कुठल्याही शेतकऱ्याला तोंडपाठ होण्यासारखं आहे. पण ते खरं ठरायला पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी आणि पुढच्या दीड-दीड महिन्यानं व्हायला हवी. अनेकजण गवत डोक्याच्या वर जाऊ देतात, कारण भारा जड भरतो. त्या वजनात बरंच लाकूड असतं, आणि कुट्टी करून घातली तरी ते लाकूडच राहतं.

द्विदल चाऱ्याची बाजू आपण त्याहून जास्त दुर्लक्षित ठेवली आहे आणि मला ही सगळ्यांत महाग पडणारी हेळसांड वाटते. लसूण घासात प्रथिनं अठरा-वीस टक्के असतात. तो महाराष्ट्राच्या हवेत बारमाही टिकतो, तर बरसीमला लांब, थंड हिवाळा लागतो. पावसाळ्यात मक्याबरोबर चवळी, बांधावर दशरथ घास, शेवरी, हादगा, हलक्या जमिनीत स्टायलो, हे सगळं माहीत असलेलं आहे. दोन भाग गवत आणि एक भाग द्विदल असं मिश्रण रोज मिळालं तर मध्यम दूध देणाऱ्या गाईची सरकी पेंड बरीच कमी करता येते. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७मध्ये स्थापलेल्या बाएफ संस्थेनं १९७०च्या दशकात सुबाभळीचा प्रसार केला तो याच विचारानं. तिच्याविरुद्ध पुष्कळ बोललं गेलं, आणि एक आक्षेप खरा होता: तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्यानं केस गळतात आणि गलगंडासारखी लक्षणं दिसतात. पण त्याचा पुढचा भाग कमी लोकांना माहीत आहे. ऑस्ट्रेलियात सुबाभळीनं जनावरं आजारी पडत असताना हवाईतल्या शेळ्या तीच बिनधास्त खात होत्या. रेमंड जोन्स या संशोधकानं ओळखलं की फरक झाडात नसून पोटात आहे: हवाईच्या शेळ्यांच्या कोठीपोटात मिमोसिनचं विष मोडणारा जिवाणू होता. तो ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडला गेला आणि अडचण दूर झाली. भारतातल्या जनावरांतही असे सूक्ष्मजीव आढळले आहेत. तरी पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवणं शहाणपणाचं. झाडाला नाव ठेवून मोकळं होण्यापेक्षा ते किती आणि कशाबरोबर घालायचं हे शिकणं जास्त उपयोगाचं आहे. हीच गोष्ट कोवळ्या ज्वारीची: पाण्याचा ताण बसलेल्या, फुलोऱ्याआधीच्या कडवळात हायड्रोसायनिक आम्ल असतं आणि त्यानं तासाभरात जनावर दगावू शकतं, पण फुलोऱ्यात आलेलं कडवळ उत्तम वैरण आहे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप जमिनीचा. माणसाला अन्न पिकवायचं सोडून गाईसाठी जमीन का अडवायची? हा प्रश्न रास्त आहे आणि आपल्याकडच्या दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याच्या बाबतीत तर अधिकच. पण जमीन आजही अडलेलीच आहे. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैल आणि सुमारे ५६ लाख म्हशी मोजल्या गेल्या. त्या काहीतरी खातातच. अर्धपोटी राहिलेल्या तीन गाई पोसण्यापेक्षा पोटभर खाणाऱ्या दोन गाई कमी जागेत जास्त दूध देतात, कारण खाल्लेल्या वैरणीचा पहिला मोठा भाग नुसतं शरीर चालवायलाच खर्ची पडतो आणि दूध त्यावरच्या घासातून येतं. निकृष्ट वैरणीवर लिटरमागे मिथेनही जास्त सुटतो. आणि चारापीक नेहमी धान्याची जागा घेतंच असं नाही. केनियात मक्याच्या ओळींत डेस्मोडियम आणि शेताच्या कडेला नेपियर लावण्याची पद्धत रुजली, ती मुळात खोडकिडीसाठी: डेस्मोडियमचा वास किडीला पळवतो, नेपियर तिला स्वतःकडे ओढतं, मका वाचतो आणि दोन्हींची वैरण होते. आपल्या फळबागांच्या ओळींत, बांधांवर, शेततळ्यांच्या भरावांवर अशी जागा कमी नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो जास्त जड आहे. नेपियर आणि लसूण घास दोन्ही ओलिताची पिकं. जिथे प्यायला टँकर येतो तिथे ती सांगायची कुणाला? याला माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे. ज्याच्या विहिरीला पाणी आहे आणि त्यावर ऊस आहे, त्याला दहा-वीस गुंठे उसातून काढून नेपियरला देणं परवडतं. पाण्याची मागणी त्यानं वाढत नाही, आणि दुष्काळात ऊस तोडून जनावराला घालण्याची वेळ आली तर आधीच लावलेलं गवत त्याहून सरस ठरतं. ज्याच्याकडे पाणीच नाही त्याच्यासाठी नेपियरची शिफारस करणं चुकीचं आहे. त्याच्यासाठी मारवेल, स्टायलो, पावसावरचं कडवळ आणि मालदांडी. यांचं उत्पादन थोडं, पण खर्चही थोडा. आपल्या विस्तार यंत्रणेनं आणि हल्ली मोबाइलवरून ‘सुपर नेपियर’ विकणाऱ्यांनी एकच गवत सगळ्या जमिनींना लावून दाखवण्याचा उत्साह धरला आहे, आणि त्यात कोरडवाहू शेतकऱ्याचे पैसे वाया जातात.

तिसरं म्हणणं असं ऐकू येतं, की आता मुरघास विकत मिळतो, मग पेरायची यातायात कशाला? मुरघासाचं तंत्र खरोखर मोठं आहे. दाण्यात चीक भरलेला मका तोडून, बारीक कुट्टी करून, हवा राहणार नाही असा दाबून बंद केला की दीड-दोन महिन्यांत तो आंबतो. लॅक्टिक आम्लामुळे मग तो कुजत नाही आणि पावसाळ्यातली वैरण उन्हाळ्यात काढता येते. आपल्या हवामानात चार महिने चारा ओसंडतो आणि चार महिने टाचा घासायला लावतो. ही दरी मुरघासानं बुजते. पण तो मका कुणाच्या तरी शेतात पिकतोच. गेल्या काही वर्षांत इथेनॉलच्या कारखान्यांनी मक्याला वेगळा भाव दिला आहे. दाणा तिकडे जाऊ लागला तर हिरवा मका तोडून देणारा शेतकरी जास्त पैसे मागेल, आणि केवळ विकतच्या पिशव्यांवर उभा असलेला गोठा पुन्हा दुसऱ्याच्या पिकाच्या नशिबावर येईल.

एका आक्षेपापुढे मात्र माझा युक्तिवाद पुरा पडत नाही. ज्याला जमीनच नाही त्याचं काय? शेळ्या-मेंढ्यांवर जगणारा धनगर, गावकुसाबाहेर दोन शेळ्या पाळणारी बाई, यांना चारापिकांचा सल्ला देणं क्रूर आहे. त्यांची वैरण गायरानात आणि माळावर आहे. दख्खनच्या माळावर पवना, मारवेल, कुसळी ही गवतं शतकानुशतकं आहेत, पण सरकारी नकाशांत हाच माळ पडीक म्हणून नोंदला जातो, मग तिथे झाडं लावली जातात, वसाहती होतात, सौर प्रकल्पांसाठी बोट दाखवलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, तरी गायरानं आक्रसतच गेली. माळही निगा मागतो. जून ते ऑक्टोबर राखलेल्या कुरणातलं गवत फुलोऱ्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास कापलं तर त्यात सत्त्व असतं. डिसेंबरात कापलं तर उरतो नुसता काड, आणि कुसळीच्या बाबतीत तर मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत घुसणारी कुसळं. कापणी दोन महिने अलीकडे आणायला वेगळे पैसे लागत नाहीत, पण कुरण कुणाचं आणि राखायचं कुणी हे गावानं ठरवावं लागतं.

शेवटी प्रश्न उरतो तो जबाबदारीचा. राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीत १९६२पासून भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था काम करते आहे, राहुरीला चारापिकांचं केंद्र आहे. ज्ञानाचा तुटवडा नाही. पण चाऱ्याची तूट किती यावरच सरकारी अंदाज जुळत नाहीत: झाशीच्या संस्थेनंच एका वेळी हिरव्या चाऱ्याची तूट ३५.६ टक्के सांगितली, तर पुढच्या अंदाजात ती ११.२४ टक्के झाली आणि कोरड्या चाऱ्याची तूट मात्र दुपटीहून वाढली. एवढी तफावत पडते, कारण ही मोजदाद गोठ्यातून होत नाही, पिकांच्या आकड्यांवरून बांधली जाते. कृषी खातं पिकं मोजतं, पशुसंवर्धन खातं जनावरं मोजतं, आणि वैरण दोघांच्या मधे पडते. प्रत्येक तालुक्यात पावसाळा संपताना किती जनावरं, किती टन वैरण हातात आणि ती कुठल्या महिन्यात संपणार, एवढा ताळेबंद मांडला तर छावणीची वेळ चार महिने आधी कळेल. त्याबरोबर बेणं हवं. संकरित नेपियरला बी धरत नाही. दोन वेगळ्या जातींच्या संकरामुळे ते वांझ असतं, आणि ठोंबांवरच त्याचा वंश चालतो. त्यामुळे ते कोठारात साठवून दुष्काळी वर्षी वाटता येत नाही. ते कुठल्या तरी शेतात, कुणाच्या तरी विहिरीच्या पाण्यावर जिवंत ठेवावं लागतं. तालुक्याच्या बीजगुणन केंद्रावर नेपियरचा, मारवेलचा आणि दशरथ घासाचा एकेक तुकडा भर उन्हाळ्यातही ओला ठेवणं, आणि जूनच्या पहिल्या पावसाला मागेल त्याला ठोंबं मिळणं, हा छावणीच्या एका दिवसाच्या खर्चापुढे फार किरकोळ खर्च आहे. तो चांगल्या पावसाच्या वर्षी करायचा असतो.